कोश्चुष्को : एका लाडक्या हाकेचं झालेलं आडनाव

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही विचारा, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर कोणतं? उत्तर तयार असतं : माउंट कोझियुस्को. कुणी कोशियस्को म्हणतं, कुणी कोसियुस्को. २,२२८ मीटर ही उंचीसुद्धा तोंडपाठ असते. पण हे एका पोलिश माणसाचं आडनाव आहे, तो माणूस जन्मात कधी ऑस्ट्रेलियाला गेला नव्हता आणि खुद्द पोलंडमध्ये हे आडनाव लावणारी माणसं आज शोधावी लागतात, हे त्या उत्तराबरोबर कुणी सांगत नाही.

तो माणूस म्हणजे तादेउष कोश्चुष्को (१७४६–१८१७). अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यानं साराटोगा आणि वेस्ट पॉइंट इथली तटबंदी आखली, आणि १७९४ मध्ये रशियाविरुद्धच्या पोलिश उठावाचं नेतृत्व केलं. त्याच्या पराक्रमावर खूप लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या आडनावाबद्दल, कारण जगभर लिहिल्या जाणाऱ्या या नावाविषयी जे सर्रास सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चूक आहे.

‘हा उच्चार आपल्याला जमण्यासारखा नाही’

इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही हे खरं. पोलिश लोक रोमन लिपीच वापरतात, पण काही अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात आणि कुठे दोन अक्षरं जोडून एकच ध्वनी लिहितात. इंग्रजी डोळ्याला ते दिसतं तसं वाचायची सवय, म्हणून ‘कोसीअस्को’ होतं. आपणही हे नाव इंग्रजीतून घेतलं आणि इंग्रजांची अडखळ आपली करून बसलो.

खरं तर देवनागरी या नावासाठी फार सोयीची आहे. सुरुवातीला ‘को’. मग ‘श्च’, आपल्या ‘आश्चर्य’ किंवा ‘निश्चय’मधला. त्यातला च ‘चहा’तला, ‘चूल’मधला नाही. पुढे येणारा श मात्र वेगळा आहे. पोलिश माणूस दोन प्रकारचे श काटेकोरपणे वेगळे म्हणतो : एक मऊ, जीभ टाळूला लावून म्हटलेला, आणि दुसरा जाड, जिभेचा शेंडा मागे ओढून म्हटलेला. आपल्या वर्णमालेत शहामृगाचा श आणि षटकोनाचा ष वेगळे का आहेत, असा प्रश्न शाळेत अनेकांना पडतो, कारण बोलताना तो फरक आपण घालवून बसलो आहोत. पोलिशमध्ये जवळपास तोच फरक आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, आणि या एका आडनावात दोन्ही आहेत : को-श्चु-ष्को. आघात मधल्या ‘श्चु’वर. दोनचार वेळा म्हणून पाहिलं की जीभ वळते.

‘कोश्च म्हणजे हाड, त्यावरून आडनाव’

हा सगळ्यांत पटकन पटणारा गैरसमज आहे. पोलिशमध्ये हाडाला ‘कोश्च’ म्हणतात. चर्चसाठीच्या शब्दाची सुरुवातही तशीच होते. शिवाय रात्स्वावित्सेच्या लढाईत (४ एप्रिल १७९४) कोश्चुष्कोच्या सैन्यातले शेतकरी लांब दांड्याची गवतकापणीची पाती सरळ करून लढले होते आणि त्या हत्याराला पोलिशमध्ये ‘कोसा’ म्हणतात. त्यामुळे हाड, चर्च आणि कोयता अशा तिन्ही बाजूंनी मोह होतो.

आडनाव मात्र या तिघांपासूनही आलेलं नाही. ते एका माणसाच्या लाडाच्या नावावरून आलं.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा झिग्मुंट पहिला (पोलंडमध्ये त्याला ‘थोरला झिग्मुंट’ म्हणतात) याच्या पदरी कोन्स्तांती फ्योदोरोविच, म्हणजे फ्योदोरचा मुलगा कोन्स्तांती, नावाचा एक दरबारी होता. १५०९ मध्ये राजानं त्याला श्येख्नोविचे हे गाव इनाम दिलं. हे गाव आज बेलारूसमध्ये, ब्रेस्त परिसरात आहे. त्या मुलखात तेव्हा रुथेनियन भाषा चाले. आजच्या बेलारूसी आणि युक्रेनी भाषांची ती पूर्वज, आणि लिथुआनियाच्या महाडचीचा (ग्रँड डचीचा) कारभारही तिच्यातच लिहिला जाई. आपण सदाशिवचा सदू आणि विठ्ठलचा विठू करतो, तसा तिथे कोन्स्तांतीचा ‘कोस्त्या’ होतो, आणि आणखी माया दाखवायची तर ‘कोस्त्युष्को’. या दरबाऱ्याला त्याच नावानं ओळखत. त्याच्या वंशजांनी ते पुढे चालवलं आणि ते आडनाव झालं.

मग ‘कोस्त्युष्को’चं ‘कोश्चुष्को’ कसं झालं? हाडाच्या गैरसमजाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून पाहू. पोलिश भाषेच्या इतिहासात मऊ उच्चाराचा त हळूहळू च झाला आणि त्याच्या आधीचा स त्याच्या ओढीनं श झाला. पाहुण्याला रशियनमध्ये ‘गोस्त’ म्हणतात, पोलिशमध्ये ‘गोश्च’. हाडाला रशियनमध्ये ‘कोस्त’, पोलिशमध्ये ‘कोश्च’. रुथेनियन बोलणारं हे घराणं पोलिश संस्कृतीत मिसळत गेलं, तसं त्याचं आडनावही पोलिश वळणानं लिहिलं जाऊ लागलं, आणि ‘स्त’च्या जागी ‘श्च’ आला. अशा रीतीनं कोन्स्तांतीचं नाव आणि हाड, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते एकाच साच्यातून बाहेर पडले आणि सारखे दिसू लागले. कोन्स्तांती या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘स्थिर, अढळ’ या अर्थाचा शब्द आहे. तेव्हा या आडनावाचा अर्थ सांगायचाच असेल, तर ‘छोटा कोन्स्तांती’ एवढाच सांगता येतो.

रशियन भाषेत आजही या सेनापतीला ‘कोस्त्युष्को’च म्हणतात. जुना त तिथे टिकून राहिला.

‘शेवटी -स्की नाही, म्हणजे अस्सल पोलिश नाही, आणि -स्की असेल तर उमराव’

‘-स्की’ हा आपल्या ‘-कर’चा चुलतभाऊ म्हणावा असा प्रत्यय आहे. तार्नुफ गावचा तो तार्नोव्स्की, जसा पंढरपूरचा पंढरपूरकर. सुरुवातीला जमीनजुमला असलेल्या घराण्यांनी आपल्या गावावरून अशी आडनावं घेतली, त्यामुळे या प्रत्ययाला मानाचा वास लागला. पण पुढे तो सगळ्यांनीच उचलला. पोलंडमधलं अत्यंत प्रचलित आडनाव कोवाल्स्की हे ‘कोवाल’ म्हणजे लोहार यावरून आलं आहे. तिथे गावाची गरज नाही आणि उमरावपणाचीही नाही. प्रचलित आडनावांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं असलेलं नोवाक, अर्थ ‘नवा आलेला’, त्यालाही -स्की नाही.

उलट कोश्चुष्को घराणं उमरावांपैकी होतं आणि आडनावाला -स्की नव्हतं. गंमत अशी की ते दुसऱ्या बाजूनं आलंच. श्येख्नोविचे गावावरून घराण्याला श्येख्नोवित्स्की असंही म्हणत आणि कागदोपत्री कोश्चुष्को-श्येख्नोवित्स्की अशी जोडी येते. काळाच्या ओघात गावाचं नाव गळून पडलं आणि लाडाचं नाव उरलं. आपल्याकडे घराण्याला दोन आडनावं असली तर बहुधा गावाचं टिकतं, इथे उलटं झालं.

राष्ट्रीयत्वाचा वादही इथेच घुसतो. बेलारूसमध्ये त्याला कास्त्स्युष्का म्हणतात, लिथुआनियात कोस्त्स्युष्का, आणि पोलंडसह तिन्ही देश त्याला आपला मानतात. त्याचा जन्म मेरेचोव्श्चिझ्ना इथला, जे आज बेलारूसमध्ये आहे आणि त्या वेळी लिथुआनियाच्या महाडचीत होतं. ती महाडची पोलंडशी एका संयुक्त राज्यात जोडलेली होती. आजच्या सीमा तेव्हा नव्हत्या. आडनावाची मुळं रुथेनियन आणि ते धारण करणारा स्वतःला पोलिश म्हणवणारा, यात विरोध नाही. आडनाव पूर्वजाची भाषा सांगतं, वंशजाची निष्ठा सांगत नाही.

‘हे आडनाव म्हणजे त्या सेनापतीचा वंश’

तादेउषनं लग्न केलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न इथे १८१७ मध्ये तो वारला, तेव्हा मागे मूलबाळ नव्हतं. त्यामुळे आज कुणीही आपण त्याचे थेट वंशज असल्याचं सांगितलं, तर ते आडनावाच्या आधारावर सिद्ध होणार नाही. शिवाय कोन्स्तांतीला लाडानं कोस्त्युष्को म्हणणारी घरं पूर्वेकडच्या मुलखात अनेक होती, आणि हेच आडनाव दोनतीन ठिकाणी स्वतंत्रपणे रुजणं अगदी शक्य आहे.

कुलचिन्हावरूनही नातं ठरत नाही. पश्चिम युरोपात एका घराण्याचं एक चिन्ह असतं. पोलंडची रीत वेगळी : तिथे एकाच चिन्हाखाली एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली कितीतरी घराणी एकत्र येत. कोश्चुष्कोंचं ‘रोख’ हे चिन्ह मिळालं म्हणून नातं जुळत नाही.

‘नोंदींत सापडत नाही, म्हणजे आडनाव संपलं’

आडनाव दुर्मीळ आहे, यात शंका नाही. पोलंडच्या सरकारी लोकसंख्या नोंदवहीत नोवाक आडनावाची माणसं सुमारे दोन लाख आहेत. कोश्चुष्को त्या रांगेत कुठेच बसत नाही. पण पूर्वजांचा शोध घेणारे जेव्हा ‘सापडलंच नाही’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ते एकाच रूपात शोधत असतात.

पोलिशमध्ये आडनावं विभक्तीप्रमाणे बदलतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको : फडके असतात, पण वाडा फडक्यांचा असतो. तसंच, कोश्चुष्कोचा रस्ता असेल तर पाटीवर ‘कोश्चुष्की’ दिसतं, कोश्चुष्कोला काही दिलं तर ‘कोश्चुष्त्से’ होतं. पुरुषाचं आडनाव असं सात विभक्तींतून फिरतं आणि बाईचं मात्र आहे तसंच राहतं. त्यात स्क्लोडोव्स्कीच्या मुलीचं स्क्लोडोव्स्का होतं तसं स्त्रीरूपही या आडनावाला नाही. माहेर सांगायचं झालं तर जुन्या कागदात ‘कोश्चुष्कुफांतली’ असं अनेकवचन येतं, आपण ‘गोखल्यांची मुलगी’ म्हणतो तसं. भर म्हणून, १८६८ पासून रशियाच्या अमलाखालच्या पोलंडमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी रशियन भाषेत ठेवल्या जाऊ लागल्या. म्हणजे तिथे पुन्हा तो जुना त.

अमेरिकेत गेलेल्यांबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते : एलिस बेटावरच्या कारकुनानं आमचं आडनाव तोडलं. बेटावरचं केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. तिथले अधिकारी नावं नव्यानं लिहून घेत नसत. जहाज निघालं त्या बंदरात तयार झालेली यादी त्यांच्या हातात असे आणि तीवर ते खुणा करत. आडनावं बदलली ती बहुतेक नंतर, शाळेत, कारखान्यात, आणि पुष्कळदा त्या कुटुंबांनी स्वतःच, शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून.

अशी आडनावं आपल्यापर्यंतही आली होती. कोश्चुष्कोच्या पूर्वेकडच्या मुलखातून १९४०–४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं लाखो माणसांना उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलं. त्यांतून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिली. पुढे तिथेच सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. कोश्चुष्को जन्मला त्या भागातल्या आडनावांचा आवाज पंचगंगेच्या काठानं पाच वर्षं ऐकला आहे.

‘सगळीकडे दिसतं, म्हणजे खूप पसरलेलं असणार’

नाव पसरलं आहे, आडनाव नाही. १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत लढलेल्या ३०३ क्रमांकाच्या पोलिश तुकडीला कोश्चुष्कोचं नाव होतं. १९४३ मध्ये सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पहिल्या पोलिश पायदळ डिव्हिजनलाही तेच. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन्ही बाजूंना तोच माणूस हवा होता. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचा पूल आहे. मिसिसिपी राज्यात त्याच्या नावाचं गाव आहे, जिथे ओप्रा विन्फ्री जन्मली. इंडियाना राज्यात जिल्हा आहे आणि त्या जिल्ह्याच्या मुख्य गावाचं नाव वॉर्सा. या गावातल्या आणि जिल्ह्यातल्या लोकांचं आडनाव कोश्चुष्को नाही, आणि दोन्ही ठिकाणी नावाच्या इंग्रजी लेखनातून झेड गळलेला आहे.

शिखराचंही तसंच झालं होतं. पावेल स्त्शेलेत्स्की हा पोलिश भूगोलतज्ज्ञ १८४० मध्ये त्यावर चढला. क्राकुफमध्ये लोकांनी १८२० ते १८२३ या काळात माती वाहून कोश्चुष्कोच्या स्मरणार्थ एक टेकडी उभारली होती, तिची आठवण त्याला त्या माथ्याच्या आकारानं झाली आणि त्यानं हे नाव दिलं. नकाशांवर ते दीड शतकाहून अधिक काळ झेडशिवाय राहिलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियानं अधिकृतपणे तो परत घातला.