पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद का केलं नाही?

पुणे-नगर रोडवरच्या सणसवाडीत कंपन्यांमुळे वेगवेगळ्या राज्यांतून आलेली पोरं भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहतात. समजा, एका खोलीत चौघं आहेत. एकाच्या कपाटावर खंडोबाचा फोटो, एकाचे रोजे सुरू आणि तिसरा जेवणाआधी डोळे मिटून येशूची प्रार्थना करतो. कुणाला कुणाचा त्रास नाही. पण एक दिवस चौथ्याने विचारलं, "तू रोज काय म्हणतोस रे?" आणि तिसऱ्याने सांगितलं, तर तो धर्मप्रचार झाला का?

प्रश्न आजचा वाटतो. पण सणसवाडीहून न्हावऱ्याच्या बाजूने भीमा ओलांडून दौंड तालुक्यातल्या केडगावला गेलात, तर याच प्रश्नातून उभी राहिलेली एक संस्था तिथे दिसेल. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलीलाही संस्कृत शिकवलं, हेच तेव्हा मोठं धाडस होतं. आईवडील गेल्यावर भावासोबत पायी देश फिरत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोन वर्षांत पती गेले. पदरात छोटी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. पुढच्याच वर्षी शिकायला इंग्लंडला गेल्या आणि तिथे सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ उडाली. गंमत म्हणजे इंग्लंडमधले चर्चवालेही फार खूश नव्हते. कारण बाई तिथेही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल. बाप्तिस्म्याच्या वेळी सोबत असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हे सगळे वाद आहेत. येशूला मानते, पण चर्चचा अधिकारी सांगेल ते डोळे झाकून मानणार नाही, असा एकूण सूर.

दार उघडं, म्हणून वाद

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केलं. विशेषतः तरुण विधवांसाठी शाळा आणि घर. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. अट एकच होती, शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपापले आचार, उपास पाळायचे, कुणी अडवणार नाही.

रमाबाईंनी वर्गात बायबल शिकवलं नाही. पण सकाळी मनोरमेला घेऊन त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण परत जा असंही म्हटलं नाही.

झालं! 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की, हिंदू मुलींना त्यांचा धर्म पाळायची मुभा आहे, मग मला माझ्याच घरात माझा धर्म का नको?

हे म्हणणं बिनतोड वाटतं. पण समोरच्यांची भीतीही अगदीच पोकळ नव्हती. घरातून टाकलेली, केशवपन झालेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. जिने अन्न, पुस्तक आणि मान दिला, ती बाई जे मानते ते या मुलीला आवडणारच. अशा वेळी 'स्वतःहून आली' या शब्दांचा नेमका अर्थ काय लावायचा?

अर्थात सगळ्याच मुली ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या विधवा गोदूबाई. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच पुढे बाया कर्वे. त्या हिंदूच राहिल्या.

आजचा कायदा काय सांगतो?

संविधानाचं कलम २५ धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचाही हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, आपला धर्म समजावून सांगता येतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा काही हक्क नाही. आणि शारदा सदनाच्या वादाला सगळ्यात जवळचं आहे कलम २८. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचं, तर त्याची संमती हवी. अल्पवयीन असेल तर पालकांची.

रमाबाईंनी मात्र पुढे हा तटस्थपणाचा करारच मागे टाकला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली ठेवायच्या कुठे? केडगावला आधीच जमीन घेतलेली होती, तिथे तंबू-झोपड्या पडल्या. १८९८ मध्ये 'मुक्ती' उभं राहिलं, तेही उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. १९०० च्या दुष्काळानंतर आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. इथे तो संमतीचा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण भुकेल्या पोरीला 'नाही' म्हणणं किती शक्य असतं? आणि दुसरीकडे, तिला उचलून आणायला तेव्हा किती जण पुढे आले होते, हेही विचारावं लागतं.

धर्म सरकारचाच असला तरी सरकारची बाजू त्यांनी घेतली नाही. १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून त्यांनी पुण्यातल्या प्लेग व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात ते मांडलं. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत गेलं.

केडगावात मुली शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाई शेवटची अनेक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा सोप्या भाषेत. त्याचे खिळे जुळवायचं काम मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावलाच गेल्या. मुक्ती मिशन आजही तिथेच आहे, निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी त्याचं काम सुरू आहे.