गेटचा अभ्यास: टाइमटेबलच्या आधी एक जुना पेपर

"गेट द्यायची आहे, रोज किती तास अभ्यास करू?" हा प्रश्न हमखास येतो. पण आधी आपले मार्क नेमके कुठे जातात ते कळायला हवं. तास त्यानंतर ठरतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, काहीही न वाचता, तुमच्या विषयाचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. ३ तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. कमी पडले तर पडू देत. मग चुकलेला किंवा सुटलेला प्रत्येक प्रश्न वहीत तीनपैकी एका रकान्यात टाका:

१. मुळात येतच नव्हतं.
२. येत होतं, पण घाईत किंवा आकडेमोडीत चुकलं.
३. वेळच पुरला नाही.

तिघांवर औषध वेगळं आहे. पहिल्यासाठी पुस्तक उघडा. दुसऱ्यासाठी रोज थोडी गणितं हाताने सोडवा, तीही स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वापरून, कारण परीक्षेत स्वतःचा चालत नाही. तिसऱ्यासाठी पूर्ण पेपर सोडवण्याला पर्याय नाही. आपण मात्र बहुतेक वेळा सगळ्यावर एकच उपाय करतो: पुन्हा पहिल्या धड्यापासून वाचायला घेतो. मग दुसरा आणि तिसरा रकाना तसाच राहतो.

आता मार्कांचा हिशोब. जनरल ॲप्टिट्यूडला प्रत्येक पेपरात १५ मार्क असतात आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांत गणिताला साधारण १३. म्हणजे जवळजवळ २८ मार्क! हे "जानेवारीत बघू" म्हणून ढकलू नका. आठवड्यातले दोन दिवस त्यांना ठेवून द्या.

निगेटिव्ह मार्किंगचंही गणित करून ठेवा. चार पर्यायांच्या १ मार्काच्या प्रश्नात चुकलं की १/३ मार्क जातो. डोळे मिटून ठोकलं तर सरासरी फायदा शून्य. पण एक पर्याय खात्रीने चुकीचा आहे हे कळलं, तर उरलेल्या तिनांतून निवडणं सरासरीत फायद्याचं ठरतं. आणि जिथे उत्तराचा आकडा टाइप करायचा असतो तिथे निगेटिव्ह नाहीच, तो प्रश्न कोरा सोडू नका.

परीक्षा फेब्रुवारीत असते. शेवटच्या वर्षाला असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर सेमिस्टरच्या पेपरांत जातील हे धरूनच चाला. नवे विषय दिवाळीपर्यंत संपवा, जानेवारी पूर्ण पेपरांसाठी राखून ठेवा. दर पेपरानंतर वही उघडा: कोणता रकाना आटला, कोणता नाही? पुढच्या आठवड्याचं टाइमटेबल त्यावरून ठरवा.

रिसर्चला जायचं असेल तर पहिल्या रकान्यातले विषय फॉर्म्युले पाठ करून उरकू नका. चांगल्या स्कोअरने पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं येतं, पण तिथे "हे असं का?" म्हणून विचारतात. तेव्हा समजून केलेला अभ्यासच कामी येतो.