सात भयं वाटेवरची, आठवं घरातलं



मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाची सहल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेली होती. तिथे बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला सगळ्या जातात, इथे फारशा कुणी येत नाहीत. पायऱ्या चढायची तयारी ठेवा आणि सातवं लेणं चुकवू नका. आज त्याच्याविषयीच बोलू या.

हे लेणं साधारण १४०० वर्षांपूर्वीचं. ओसरीत आलं, की आतल्या दाराच्या डाव्या हाताला एक मोठी उभी मूर्ती दिसते. हा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. बोधिसत्त्व म्हणजे कोण? स्वतःची सुटका हाताशी आली असतानाही, ‘बाकीचे दुःखात आहेत तोवर मी थांबतो’ म्हणणारा. त्याची खूण सोपी आहे. हातात कमळ असतं आणि जटांमध्ये बुद्धाची लहानशी मूर्ती असते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं कमळ धरलेलं प्रसिद्ध चित्र, पद्मपाणी, तेही त्याचंच.

आता मूर्तीच्या दोन्ही बाजूंना बघा. चार-चार लहान चौकटी कोरल्या आहेत. प्रत्येक चौकटीत कुणीतरी संकटात आहे, आणि त्यांच्या हाकेला तो धावून येतो आहे. एका बाजूला आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या आणि बुडणारं जहाज. दुसऱ्या बाजूला सिंह, साप आणि पिसाळलेला हत्ती. ही सगळी वाटेवरची भयं. त्या काळी पैठणसारख्या बाजारपेठांतून व्यापाऱ्यांचे तांडे घाट उतरून कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचे. रानातून आणि समुद्रातून जाणाऱ्याला हीच भीती असणार. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही अशीच चौकटींची मूर्ती आहे.

पण आठवी चौकट वेगळी आहे. तिथे एक आई आहे, तिचं मूल आहे आणि ते मूल न्यायला आलेला मृत्यू आहे. हे भय वाटेवरचं नाही, घरातलं आहे. ज्यांनी हे कोरलं, त्यांनी बाईची भीती व्यापाऱ्याच्या भीतीच्या पंगतीला बसवली. तितकीच मोठी, तितक्याच मापाच्या चौकटीत.

आमच्यातली एक जण तिथे बराच वेळ उभी राहिली. परतीच्या गाडीत तिनं आम्हाला पहिल्यांदा सांगितलं, की तिचं थोरलं बाळ सव्वा महिन्याचं असताना गेलं. आम्ही आठ वर्षं दर महिन्याला तिच्यासोबत बचतीचा हिशोब करतो. हे मात्र आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

लेण्याच्या आतही बायाच बाया आहेत. गाभाऱ्याच्या दाराशी तारा आणि तिच्या सोबतिणी. गाभाऱ्यात बुद्धाजवळच्या भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा जणी. विजेरी न्या, नाहीतर अंधारात त्या दिसणार नाहीत.

हाच अवलोकितेश्वर पुढे बौद्ध धम्माबरोबर चीनला गेला. तिथे त्याचं नाव झालं ग्वानयिन, म्हणजे जगाचा आवाज ऐकणारा. काही शतकांनी चिनी लोकांनी त्याला स्त्रीरूपच दिलं. जपानमध्ये त्याला कान्नोन म्हणतात. तिथे कान्नोनच्या ३३ देवळांची पायी यात्रा शेकडो वर्षं चालत आली आहे.

जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. ही जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आणि आपल्या बौद्ध बहिणींसाठी ती श्रद्धेचीही आहे. मूर्तींना हात लावू नका, कुंकू-तेल वाहू नका, आवाज खाली ठेवा. ऊन चढायच्या आत जा, पाणी सोबत घ्या.

आणि तिथवर जाणं जमलं नाही, तरी एक करता येईल. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की लगेच उठू नका. शेजारी बसलेलीला विचारा, ‘तुझं कसं चाललंय गं?’ आणि ती बोलेपर्यंत थांबा. आम्ही आता असंच थांबतो.