तुटक वाक्यं जोडताना

आज सहावी ते आठवीतल्या मुलांच्या आईबाबांशी बोलायचंय. मुलं जवळ असतील तर त्यांनाही बसवून घ्या.

हा नमुना ऐका. 'शुक्रवारी आम्ही सुलैबियाला गेलो. तिथे मंडई आहे. मंडई खूप मोठी आहे. बाबांनी कांदे घेतले. कांदे भारतातून आले होते. ऊन वाढलं. आम्ही घरी आलो.' सात वाक्यं, चूक एकही नाही. तरी गाडी प्रत्येक सिग्नलला थांबतेय असं वाटतं. आता हेच जोडून ऐका. 'शुक्रवारी आम्ही सुलैबियाच्या भल्यामोठ्या मंडईत गेलो. तिथे बाबांनी भारतातून आलेले कांदे घेतले आणि ऊन वाढल्यावर आम्ही घरी आलो.'

आपल्या व्याकरणात याला वाक्यसंकलन म्हणतात. अमेरिकेत फ्रँक ओहेअर यांनी सातवीच्या मुलांकडून, व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता, असा सराव करून घेतला. त्या मुलांचं लेखन सुधारलं, हे त्यांनी १९७३ साली मांडलं. ते प्रयोग इंग्रजीतले. मराठीत जोडण्याची हत्यारं वेगळी आहेत, आणि आपली मुलं अडखळतात ती तिथेच.

इंग्रजीत विचार करणारं मूल लिहितं, 'मुलगा जो तिथे उभा आहे तो माझा मित्र आहे.' मराठीत 'जो' आधी येतो: 'जो मुलगा तिथे उभा आहे, तो माझा मित्र.' त्याहून सोपं, 'तिथे उभा असलेला मुलगा माझा मित्र आहे.' हे 'असलेला, आलेला, घेतलेला' मुलांना एकदा सापडले की अर्धं काम झालं.

दुसरी अडचण 'ऊन' प्रत्ययाची. 'बाबा येऊन आम्ही जेवलो' हे कानाला खटकतं, कारण येणारे बाबा आणि जेवणारे आम्ही. दोन्ही कामं एकानेच केली असतील तर 'येऊन' चालतं: 'बाबा येऊन जेवले.' माणसं वेगळी असतील तर 'आल्यावर' म्हणा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हा नियम सांगावा लागत नाही, मोठ्याने वाचलं की कान सांगतो. म्हणून सराव बोलूनच करा.

मुलाने स्वतः लिहिलेली चार-पाच वाक्यं घ्या आणि दहाच मिनिटं बसा. एकाच मजकुराच्या दोन-तीन जोडण्या करून बघू द्या, लाल पेन बाजूला ठेवा. सगळं 'आणि'ने जोडायची मात्र सवय लागते, तेव्हा 'म्हणून', 'कारण', 'तरी' पुढे करा. 'पाऊस आला आणि आम्ही थांबलो' यात कारण हरवतं. आणि एखादं छोटं वाक्य जोरदार असेल, तर ते तसंच राहू द्या की!

हे आत्ताच कशाला, असं वाटेल. नोकरी संपली की आपल्यातली बरीच कुटुंबं परततात, आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे. आठवीत परतलेल्या मुलाला मराठी बोलता येतं, पण निबंधाची वही समोर आली की ते गप्प होतं.

आता मुलांनो, तुमच्यासाठी पाच वाक्यं. त्यांची दोन करा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. 'सुलैबियात एक प्रकल्प आहे. तो सांडपाणी शुद्ध करतो. कुवेतमध्ये नदी नाही. पाऊस फार कमी पडतो. ते पाणी शेतीला वापरतात.'