विषाणू, पण जिवाणूंचे वैरी

बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, हे विषाणूच. पण ते गाठतात फक्त जिवाणूंना. त्यामुळे फ्लू, डेंगी किंवा कांजिण्या त्यांनी बऱ्या होतील ही आशा मुळातच फोल. फाजला वाढायला जिवंत जिवाणू लागतो. विषाणूला ना पेशी, ना स्वतःची यंत्रणा. तिथे फाजने शिरायचं कुठे? हां, फ्लूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया झालाच, तर गोष्ट वेगळी.

शेपटीच्या तंतूंनी फाज जिवाणूला चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. आत नवे फाज तयार होतात आणि भिंत फोडून बाहेर पडतात. निवड मात्र फार काटेकोर: एका प्रकारच्या जिवाणूवर चालणारा फाज त्याच्या सख्ख्या भावंडावरही चालेलच असं नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली पॅरिसमध्ये या विषाणूंना बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि पाश्चात्त्यांनी फाज अडगळीत टाकले; जॉर्जियातल्या तिबिलिसीत उपचार चालूच राहिले.

२०१६ मध्ये सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक कोमात होते. पोटात अ‍ॅसिनेटोबॅक्टर, औषधांना दाद न देणारा जिवाणू. डॉक्टरांनी फाजचं मिश्रण आधी नळ्यांतून पोटात, मग शिरेतून दिलं. काही दिवसांत ते शुद्धीवर आले. जिवाणूंनीही डाव टाकला: ते त्या फाजना जुमानेनासे झाले, आणि नवे फाज शोधावे लागले. सोबत अँटिबायोटिक्सही चालू होती. ही कहाणी रंगवून सांगताना नेमकं तेवढं गाळलं जातं.