दुभाष्यासह धाडलेली आज्ञावली

छत्रपती संभाजीनगरांतील जुन्या घरांच्या पेट्यांतून निजामी अंमलाचे उर्दू कागद अजून निघतात. १९४८ सालीं तो अंमल संपेपर्यंत ज्यांस ती भाषा येत नसे, त्यांस कागदाची ओळ न् ओळ वाचून मराठींत अर्थ सांगणारा दुभाष्या लागे. हैदराबादेस १९१७ सालीं निघालेल्या भाषांतर-खात्याची रीत निराळी. उस्मानिया विद्यापीठाकरितां तेथें इंग्रजी ग्रंथ आधींच समग्र उर्दूंत उतरविले जात. संगणकाच्या भाषांतही हेच दोन पंथ आहेत. सी भाषा भाषांतर-खात्याची. आणि गिडो व्हॅन रॉसम ह्यांनीं १९९१ सालीं हॉलंडांत प्रसिद्ध केलेली, आज आमचीं मुलें आवडीनें शिकतात ती पायथॉन दुभाष्याची.

अडचण येते ती आज्ञावली परक्या घरीं धाडतांना. घरच्या मुलानें कोपऱ्यावरच्या वाण्यास उधारीचा हिशेब मांडणारी आज्ञावली हौसेनें लिहून दिली, तरी वाण्याच्या संगणकांत पायथॉनचा दुभाष्या नसल्यास ती मुकीच राहावयाची. ह्यावर पायइन्स्टॉलर नांवाचें साधन आहे. तें आज्ञावली, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि खुद्द दुभाष्या असें सारें बिऱ्हाड एका फाइलींत बांधून देतें. वाण्यानें ती उघडली कीं बिऱ्हाड एका तात्पुरत्या फोल्डरांत सुटतें व काम सुरू होतें. म्हणूनच दोन पानांची आज्ञावली कित्येक मेगाबाइटांची होते. शिवाय विंडोजकरितां ती विंडोजवरच बांधावी लागते. दुभाष्या त्या त्या घरचाच हवा.

मुलें ह्यास ‘कंपाइल केलें’ म्हणतात, तें आम्हांस पटत नाहीं. यंत्राच्या भाषेंत येथें कांहींच उतरलेलें नसतें. आंत असतो तो बाइटकोड, आणि त्यावरून मूळ मजकूर बराचसा परत काढतां येतो. अशा फाइलींत पासवर्ड लिहून निर्धास्त राहणें म्हणजे काचेच्या कपाटास कुलूप घालणें होय! (न्युइट्का हें साधन मात्र आज्ञावली सी भाषेंत उतरवून मग खरोखर कंपाइल करतें, तेथेंही पासवर्ड लपत नाहीं, हें वेगळें.)

सहीशिवाय आलेल्या अशा फाइलीस अँटीव्हायरस कधीं कधीं विनाकारण चोर ठरवितो. अशा वेळीं पहारेकऱ्यासच रजा द्या, असें मुलें बेलाशक सांगतात. वाण्यानें तें ऐकूं नये. त्यापेक्षां मुलानेंच दुकानांत जाऊन पायथॉन बसवून द्यावें आणि मूळ आज्ञावली तेथें उघडी ठेवावी. उद्यां तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला, तरी वाण्याची उधारी दुसऱ्या कोणास वाचतां व दुरुस्त करतां येईल.