हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

नोकरी जाणे, वेतनात कपात होणे किंवा व्यवसाय मंदावणे, कारण कोणतेही असो, घटलेल्या उत्पन्नात कर्जाचा मासिक हप्ता कसा भरावा हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. हप्ते काही काळ स्थगित करून घेणे हा त्यावरील एक उपाय होय. मात्र स्थगिती म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे २०२० सालच्या अनुभवाने स्पष्ट केले.

कोरोना साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाल्यानंतर रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी बँका व वित्त कंपन्यांना मुदत कर्जांचे हप्ते तीन महिने स्थगित करण्याची मुभा दिली. २२ मे रोजी ही सवलत आणखी तीन महिन्यांनी वाढवण्यात आली. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात स्थगिती घेतलेल्यांची त्या कारणास्तव थकबाकीदार अशी नोंद झाली नाही. शिल्लक मुद्दलावरील व्याजाची आकारणी मात्र चालूच राहिली.

याचा परिणाम एका उदाहरणाने समजून घेता येईल. २० लाख रुपये मुद्दल, ८ टक्के व्याज आणि १५ वर्षे शिल्लक असलेल्या कर्जाचा हप्ता सुमारे १९,११३ रुपये येतो. सहा महिने हप्ते न भरल्यास सरळ व्याजानेच ८० हजार रुपये वाढतात. ही रक्कम मुद्दलात मिळवून हप्ता तेवढाच ठेवला, तर १८० ऐवजी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा हप्ते टाळण्याची किंमत पंधरा जादा हप्त्यांची.

व्याजावरील व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक सानुग्रह रक्कम म्हणून देण्याची योजना जाहीर केली. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने कर्जाची रक्कम कितीही असली तरी स्थगितीच्या काळासाठी चक्रवाढ किंवा दंडव्याज आकारू नये, असा निर्णय दिला. संपूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र फेटाळण्यात आली. वरील उदाहरणात या दिलाशाची रक्कम सुमारे १,३०० रुपये भरते. ८० हजारांचा भार कर्जदारावरच राहतो.

ती सवलत त्या काळापुरतीच होती. एरवी हप्ता थकण्यापूर्वीच बँकेला लेखी अर्ज देणे हिताचे ठरते. उत्पन्न घटल्याचा पुरावा, सध्या भरता येईल अशी रक्कम आणि अपेक्षित कालावधी त्यात नमूद करावा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही काळ केवळ व्याज भरणे, असे पर्यायही मागता येतात. ते मंजूर करणे बँकेच्या धोरणावर अवलंबून असते. होकार देण्यापूर्वी परतफेडीचे सुधारित वेळापत्रक, एकूण जादा व्याज आणि पतमानांकन संस्थांकडे होणारी नोंद यांची माहिती लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबून हप्ता थांबवू नये.

हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. तारण कर्जाच्या बाबतीत २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार मालमत्तेचा ताबा घेण्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने तीवर हरकत घेतल्यास ती न स्वीकारण्याची कारणे १५ दिवसांत कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. म्हणून अशी नोटीस अनुत्तरित ठेवू नये. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथे अर्जाची पोच आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार हाच कर्जदाराचा आधार ठरतो.